आपसात बोललेलं

भोपाळच्या आम्हा मराठी लोकांना एक वाईट खोड आहे. चारचौघांत काही झाकून बोलायचं असलं, की आम्ही मराठीत बोलतो. भाजीवाल्यासमोर उभं राहून भाजी शिळी आहे हे मराठीत. लग्नाच्या जेवणात पनीर फिकं झालंय हे मराठीत. शेजारीण सोफ्यावर बसलेली असताना ही आता उठणार कधी, हेसुद्धा मराठीत, आणि तोंडावर गोड हसू. मी माहेरची इंदूरची, तिथेही आम्ही हेच करायचो. इतकी वर्षं कधी कोणी पकडलं नाही, त्यामुळे सगळे निर्धास्त. मीही होते.

मी वैजयंती. नेहरू नगरात राहते. कॉलेजात भूगोल शिकवला, निवृत्त झाले. स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायला नको. दिवसभर घरात बसून सदाशिवांवर, म्हणजे आमच्या ह्यांच्यावर, चिडचिड करण्यापेक्षा बरं म्हणून मनोहररावांच्या ऑफिसात जायला लागले. मनोहरराव ह्यांचे जुने मित्र. अरेरा कॉलोनीत त्यांचं ऑफिस आहे. कारखाना, खाण, रस्ता, काहीही नवं व्हायचं असलं की त्यानं तिथल्या पाण्याचं, झाडांचं, माणसांचं काय होईल ते तपासून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. पाण्याचा भाग माझ्याकडे असतो.

बेलखेडीचं काम आलं तेव्हा मी किती खूश झाले होते म्हणून सांगू! सोलरचा प्रकल्प. ना धूर, ना राख. कोळशाच्या नावानं मी वर्गात वर्षानुवर्षं खडे फोडलेले, आमच्या स्वतःच्या गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवलेल्या. ह्या प्रकल्पाला सरकारची पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, पण कर्ज देणाऱ्या बँकेला अभ्यास हवा होता. म्हटलं चला, एकदा तरी असा अहवाल लिहू की ज्यात मनापासून "करा" म्हणता येईल.

रायसेन रोडनं आनंद नगर मागे टाकायचं, पुढे बराच वेळ जायचं आणि डावीकडे कच्च्या रस्त्याला लागायचं. उताराची मुरमाड जमीन, कागदावर पडीक. वर कुसळी गवत, मधूनच पळस. त्या उतारावरून मधोमध एक नाला जातो. पावसाळ्यात वाहतो, थंडीत बघाल तर नुसती एक कोरडी घळ. कोणाचं लक्षही जाऊ नये. पण मी तिथे खड्डे घेतले, दगड पाहिला, खालच्या टपऱ्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, विहिरीचं पाणी मोजलं आणि मला कळून चुकलं की नाल्यात मुरतं तेच पाणी ह्या विहिरीत येतं. टपऱ्याला गोड्या पाण्याची दुसरी विहीर नाही. हातपंप आहे, त्याला खारं पाणी आहे.

पहिली बैठक शाळेच्या ओसरीत झाली. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मनोहरराव, कंपनीचे मॅनेजर, मी, आणि आमच्या ऑफिसातली तन्वी, झाडांचं काम बघणारी, वयानं माझ्या मुलीसारखी. गाव खाली सतरंजीवर. मनोहररावांचं हिंदी एकदम साजूक तुपातलं. रस्ता होईल, दिवे लागतील, पोरांना नोकऱ्या मिळतील. मग गावातले एक म्हातारे बोलायला उठले. त्यांना सगळे दद्दा म्हणत होते. दद्दांनी नाल्याची गोष्ट सुरू केली. एका वर्षी नाला कसा चढला, बैलगाडी कशी वाहून गेली, मग त्या गाडीवाल्याचं लग्न कसं झालं.

"मावशी, हे अंकल तर रुकतच नाहीयेत," तन्वी माझ्या कानाशी म्हणाली.

"बोलू दे गं. म्हाताऱ्याला आज ऐकणारं गिऱ्हाईक मिळालंय," मी म्हणाले. मोठ्यानंच म्हणाले. मराठीत होतं ना!

डोक्यावर पदर घेतलेली एक बाई चहा देत होती. आम्ही आलो तेव्हापासून ती आमच्याकडे बघत होती. आम्ही तोंड उघडलं की तिचा चेहरा फुलायचा. हसू दाबायची, आत जायची, परत यायची. चहा आलं घातलेला, कडक, आणि कप काठोकाठ भरलेले.

"ही बाई सारखी काय टकमक बघत्येय आपल्याकडे?" मी मनोहररावांना म्हटलं.

"बघू द्या हो वहिनी. करमणूक आहे त्यांची."

आम्ही हसलो. त्या बाईनं मात्र बिस्किटांची बशी आमच्यासमोर धरली ती धरूनच ठेवली. तेवढ्यात मॅनेजरनं नकाशा उलगडला. मी पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. नाल्याच्या जागी नाला नव्हताच. घळ बुजवून, जमीन सपाट करून, वर पाट्यांच्या रांगा.

"मनोहरराव, हे काय आहे? नाला बुजवणार? मग खालच्या विहिरीत पाणी येणार कुठून, ह्यांच्या डोंबलातून? दोन उन्हाळ्यांत ठणठणीत कोरडी पडेल ती."

"हळू, वहिनी. इथे नको."

"हळू कशाला? ह्यांना काय कळतंय?"

हे मी म्हणाले. मनोहरराव नाही, तन्वी नाही, मी. तेवढ्यात दद्दांची गोष्ट संपली आणि त्यांनी सरळ मलाच विचारलं, "मैडम, नाले का क्या करोगे?" मनोहररावांनी उत्तर दिलं की अभ्यास चालू आहे, चिंतेचं काही कारण नाही. आणि मी मान डोलावली. बशी धरलेली बाई आत निघून गेली, ती बैठक संपेपर्यंत काही बाहेर आली नाही.

आम्ही गाडीत बसायला निघालो तेव्हा ती मागून आली. हातात पितळेची कोयरी. इकडच्या बायका पाहुणीला टीका लावतात, वर तांदूळ लावतात. हिनं आधी हळद लावली, मग कुंकू लावलं, मग पदर सावरून मला वाकून नमस्कार केला. अगदी माझ्या सासूबाई करायच्या तसा, आणि त्या तर नागपूरच्या. मी बघतच राहिले. ती हलक्या आवाजात म्हणाली, "जपून जा, बाई."

मराठीत! म्हाताऱ्याचं गिऱ्हाईक, टकमक बघणारी बाई, विहीर कोरडी पडेल, ह्यांना काय कळतंय, सगळं एकामागोमाग आठवलं. गाडीत तन्वी म्हणत होती, "मावशी, टीका एकदम मस्त दिसतोय तुम्हाला," आणि मला कपाळ जड झाल्यासारखं वाटत होतं. मनोहररावांना सांगावं असं मनात आलं. जीभ रेटली नाही.

पुढच्या आठवड्यात विहिरीचं पाणी परत मोजायचंय असं सांगून मी एकटीच बेलखेडीला गेले. मोजायचं होतंच, खोटं नाही. पण खरं सांगायचं तर मला ती बाई भेटायला हवी होती. ती विहिरीवरच होती, घागर भरत. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी मराठीत विचारलं, "तू कुठली गं?"

तिनं घागर खाली ठेवली. "पांढुर्ण्याची. सरोज माह्यं नाव. बाबा कालव्याच्या कामावर मुकादम होते, तवा इकडं आले. इकडंच दिलं मले. थे दद्दा हायत न, थे माहे सासरे."

दद्दा तिचे सासरे! म्हणजे गिऱ्हाईक म्हणाले ते तिच्या सासऱ्यांना. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

"सरोज, त्या दिवशी मी जे बोलले..."

"जाऊ द्या न बाई. थे नाई लागलं मले." तिनं घागरीवरचं पाणी हातानं निपटलं. "लागलं. काऊन नाई लागनार? तुमी गाडीतून उतरल्या अन् मराठी बोलल्या, मले वाटलं माहेरचं कोनी आलं. मी धावतच चाय ठेवाले गेली. इतक्या वर्सानं माहेरची बोली कानावर पडली, अन् पडली तं अशी."

 तीच पुढे म्हणाली, "थे विहिरीचं खरं हाय?"

"खरं आहे. नाला बुजवला तर खरं आहे."

"अन् नाई बुजवला तं?"

"तर काही होत नाही. पाट्या दोन्ही बाजूंनी लावाव्यात, नाल्याला जागा सोडावी. वीजही होईल, पाणीही राहील. थोड्या पाट्या कमी बसतील, एवढंच."

"मंग एवढंच सांगा न त्यायले."

"तू घरी सांगितलंस का हे?"

तिनं जोरात मान हलवली. "कशी सांगू? लग्न होऊन आली तवा मराठी बोलली की साऱ्या बाया हासत. नकला करत. मी सोडूनच देल्लं बोलनं. आता सांगतलं तं म्हनतील, तुह्याच मुलखाचे लोक आमचं पानी तोडाले आले, अन् तू त्यायले चाय पाजली. मी समजून बी गप राह्यली, हे कसं सांगू?" मग तिनं माझा हात धरला. ओला, गार हात होता तिचा. "तुमी सांगा, बाई. पुढच्या बैठकीत, साऱ्यायसमोर. अन् हिंदीत सांगा. माह्यं नाव नका घेऊ."

"सांगेन," मी म्हणाले. "तोंडानं सांगेन, हिंदीत सांगेन. बघच तू."

मी माझा भाग लिहिला. नाला जसा आहे तसा ठेवावा, दोन्ही काठांना जागा सोडावी, नाही तर टपऱ्याची विहीर आटेल. मनोहररावांनी तो वाचला आणि दार लावून मला समोर बसवलं.

"वहिनी, तुम्ही शिकवता छान, लिहिताही छान. पण ह्यानं सगळा नकाशा बदलावा लागेल. बँक प्रश्न विचारेल, कंपनी वैतागेल, काम दुसऱ्या कोणाकडे जाईल. आणि तो दुसरा तुमच्यासारखे खड्डेसुद्धा घेणार नाही. मग काय मिळवलंत?"

"विहीर."

"विहिरीचं बघू की. पुढच्या टप्प्यात अधिक अभ्यास करावा, असं लिहू."

"बुजवल्यावर अभ्यास करणार? कशाचा, मातीच्या ढिगाऱ्याचा?"

"अहो, सोलर आहे ते! विषाचा कारखाना नाही. कोळसा नको कोळसा नको म्हणून तुम्हीच ओरडायचात ना? आता सूर्य आलाय दारात तर त्यालाही नाही म्हणायचं?"

 त्यात खोटं काय होतं? मला ती वीज हवीच होती. आणि सूर्य नको असं मी म्हणतच नव्हते, नाला सोडा एवढंच म्हणत होते, पण त्यांच्यासमोर ते नीट मांडता येईना, नुसता संताप आला. मी ताडकन उठले, दार आपटून बाहेर पडले. दार आपटण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

घरी सदाशिव म्हणाले, "मनोहर आपला माणूस आहे गं. जरा सांभाळून घे."

हे "आपला माणूस" ऐकलं की पूर्वी मला बरं वाटायचं. ह्यांचं बायपास झालं तेव्हा मुलगी परदेशात, मी एकटी, आणि मनोहरराव आमच्याबरोबर दवाखान्यातल्या बाकावर झोपले होते. घरून माझ्यासाठी गरम पोळ्या आणायचे, खाल्ल्याशिवाय हलू द्यायचे नाहीत. अशा माणसाला भर सभेत खोटं पाडायचं? आणि नाही पाडलं तर सरोजला काय तोंड दाखवायचं? जेवणावर वासना राहिली नाही माझी. सदाशिवांनी दोनदा विचारलं बरं नाही का, दोन्ही वेळा मी त्यांच्यावरच खेकसले.

शेवटी मनोहरराव मला फोनवर म्हणाले, "बैठकीत नाल्याचा विषयच काढणार नाही मी. मग तर झालं?" मी म्हटलं, विषय निघाला तर मी बोलणार. ते म्हणाले, "तुम्ही शहाण्या आहात." म्हणजे काय, ते मला कळलं नाही. त्यांनाही माझं कळलं नसावं.

दुसऱ्या बैठकीला उन्हं चढली होती. ओसरीत तेच गाव, त्याच खुर्च्या. ह्या वेळी चहा सरोजनं आणला नाही, दुसऱ्याच कोणी आणला. ती बायकांमध्ये मागे खांबाला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी मान हलवली, की आहे माझ्या लक्षात.

मनोहररावांनी अहवालाचा सारांश वाचला. धूळ, आवाज, झाडं, पक्षी. पाणी आलं आणि गेलं. नाल्याचं नाव नाही. संपल्यावर दद्दा उठले. ह्या वेळी गोष्ट नव्हती, नुसता प्रश्न होता. "साहब, नाले का बताओ. नाला भरोगे तो कुएँ का क्या होगा?"

मनोहरराव हसले. "दद्दा, हमने पूरी जाँच की है. नाले का कुएँ से कोई लेना-देना नहीं है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसणं वेगळं आणि हे वेगळं! मी उठून उभी राहिले. हिंदीत सांगायचं, हिंदीत सांगायचं, गाडीत सगळी वाक्यं घोकून आले होते. आणि उठल्यावर तोंडातून काय निघालं? मराठी.

"मनोहरराव, हे खोटं आहे. मी असं लिहिलेलं नाही."

त्यांचं हसू जराही हललं नाही. लोकांकडे बघत, त्याच गोड आवाजात ते मराठीत म्हणाले, "वहिनी, बसा. माझी शपथ आहे तुम्हाला. घरचं घरी बोलू. ह्यांना काय कळतंय?"

माझेच शब्द. मला तो दवाखान्यातला बाक आठवला, त्या पोळ्या आठवल्या. समोर मॅनेजर घड्याळ बघत होता. तन्वी मान खाली घालून नखं बघत होती. आणि मी बसले. मी, जी रिक्षावाल्याशी चौकाचौकात भांडते, ती मी मूग गिळून खाली बसले. मागे खांबाकडे बघायची हिंमत नव्हती माझी.

"मले समजते."

आवाज मोठा नव्हता, पण ओसरी शांत होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. सरोज उभी होती. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा.

"मले समजते, साहेब," ती मनोहररावांना म्हणाली. "मागच्या वेळी बी समजलं होतं. सारं."

मनोहररावांचं हसू आता कुठे गेलं.  गावाला तर काहीच कळेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, एकीनं सरोजचा पदर ओढून तिला खाली बसवायला पाहिलं. दद्दा दोन पावलं पुढे आले.

"क्या बोली तू, बहू?"

"इनकी बोली, दद्दा," सरोज म्हणाली.  "मेरे मायके की."

"पिछली बार भी समझी थी? ये लोग क्या बोल रहे थे?"

"हाँ."

"तो बताया काहे नहीं?"

 तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही. मागून एक बाई म्हणाली, इसके देस के लोग हैं, ये काहे बताती. अगदी तेच, जे सरोज विहिरीवर म्हणाली होती. कोणीतरी हसलं. माझा जीव कळवळला. हे सगळं तिच्यावर कोणी आणलं? मी आणलं. मी वेळेवर एक वाक्य हिंदीत बोलले असते तर ती आज खांबाला टेकून सुखानं बसून राहिली असती.

मी पुन्हा उठले. "दद्दा, इसमें इसकी कोई गलती नहीं है," मी हिंदीत म्हणाले. "मैं बताती हूँ आपको, नाला अगर..."

दद्दांनी हात वर केला. माझ्याकडे न बघताच केला, गोठ्यातल्या गाईला थांबवावं तसा.

"नहीं मैडम. पिछली बार भी आपसे ही पूछा था मैंने. आपने मुंडी हिला दी थी."

  हलवली होती मुंडी.

मग दद्दा सुनेकडे वळले. त्यांच्या आवाजात राग होता की काय होतं, मला आजही सांगता येत नाही. "बहू, तू पूछ. इन्हीं की बोली में पूछ. हिंदी में तो ये हमको बहलाते हैं. सच बात ये आपस में ही करते हैं."

वीस-पंचवीस वर्षं त्या गावात जी भाषा तिनं चारचौघांत दाबून ठेवली होती, ती आता सासऱ्यांनी सगळ्या गावासमोर तिला बोलायला सांगितली. सरोजनं पदरानं डोळे पुसले. बायकांमधून वाट काढत ती पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मनोहरराव हळूच म्हणाले, "वहिनी," आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बाई," सरोज म्हणाली, "नाला बुजवला तं आमच्या विहिरीले पानी राहीन का?"

"नाही," मी म्हणाले. "नाही राहणार, सरोज."

ती गावाकडे वळली. "कह रही हैं, नहीं रहेगा."

 मॅनेजरनं नकाशाची सुरळी करायला घेतली. दद्दा सतरंजीवर सावकाश बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि सुनेकडे बघून म्हणाले, "और पूछ."